मिलिंदची आडवी रेघ

रसायनशास्त्र विभागातला माझा जोडीदार मिलिंद साळवे गेला हे मला बदनापूर स्टेशनावर चहा पिताना कळलं. चहा मी संपवला, गाडी चुकवली आणि प्लॅटफॉर्मवर उगाच बसून राहिलो... राग आला तो नंतर, आमच्या कॉलेजच्या शोकसभेत. फोटोमागं बॅनर होता: 'नव्या वलयी संयुगाचे जनक'. मेलेल्या माणसाचा याहून मोठा अपमान कसा करायचा, हे मलाही सुचलं नसतं.

ते संयुग नवं नव्हतं आणि वलयी तर नव्हतंच. प्रयोग आम्हा दोघांचा. रेणूच्या साखळीची टोकं जुळून वलय तयार झालं, असं आलेख बघून मीच ठणकावलं होतं. आलेखातलं हवं ते शिखर हवं तिथं दिसण्याची देणगी मला जन्मजातच. शोधनिबंध छापून आला तेव्हा मी मस्तगडातल्या दुकानातून पेढे आणून प्राचार्यांपासून शिपायापर्यंत वाटले. पुढं मिलिंदनं तोच पदार्थ पुन्हा केला, स्फटिक क्ष-किरण तपासणीला पाठवले. साखळी उघडीच होती! तो पदार्थ पुस्तकांत केव्हाचाच नोंदलेला.

"मंग आता?" मी विचारलं.

"मंग काय, छापणाऱ्यांना कळवून राह्यलो."

"अरे, मूल्यांकन समिती येऊन राह्यली. जरा दम धर की."

"देशमुख, तुझे पेढे लोकायला पचले. मला न्हाई पचले."

प्राचार्य म्हणाले, "साळवे, बोभाटा कशाला? वाचतं कोण ते?" माझ्या चुकीला लोक गडबड म्हणाले असते. हसनाबादच्या बौद्धवाड्यातून आलेल्या मिलिंदच्या चुकीला काय म्हणतात, ते स्टाफरूममध्ये कुजबुजत सुरूही झालं होतं. त्यालाही ते ऐकू येत होतं. तरी दुरुस्तीवर पहिली सही त्याची, दुसरी माझी. ती छापून आली त्या दिवशी पेढे त्यानं आणले. कुणी हात लावला नाही. आम्ही दोघांनीच खाल्ले, पोट दुखेपर्यंत.

आणि आता त्याच तोंडांनी त्याच वलयाची आरती!

मिलिंद चुकीचं कधी खोडरबरानं पुसायचा नाही. वर एक आडवी रेघ मारायचा आणि खाली बरोबर लिहायचा. "चूक वाचता आली पायजे," म्हणायचा. त्या पदार्थाच्या बाटलीवरची चिठ्ठीही त्यानं तशीच दुरुस्त केली होती. शोकसभेत ती बाटली फोटोपुढं ठेवलेली, पण चिठ्ठी नवी, छापील, सुबक. तिच्यावर जुनंच खोटं नाव.

मला बोलायला बोलावलं. मी माईककडं गेलोच नाही. खिशातला पेन काढला आणि त्या नावावर रेघ मारली. रेघ तिरकी गेली. मिलिंदनं नक्की टोमणा मारला असता.

रेघेखालचं खोटं नाव मात्र अजून वाचता येतं.