झेलिहाचे डूल

नाझिफे मेंढ्यांच्या धारा काढून परत आली आणि माग पाहून तिचं डोकंच फिरलं. काल स्वतःच्या हाताने उसवलेले नक्षीतले डूल किलिमावर, त्या अर्धवट विणलेल्या सतरंजीवर, पुन्हा हजर होते. लाल पट्ट्यात, ओळीने पाच, आणि तेही आधीपेक्षा मोठे!

किलिम एक, माग एक, विणणाऱ्या दोघी. डावी बाजू सासूची, म्हणजे नाझिफेची, उजवी सुनेची, झेलिहाची. दोन्हीकडे कमरेवर हात ठेवलेल्या बायकांची रांग उतरायची, हे नाझिफेच्या आईच्याही आधीपासून ठरलेलं. दोन बाजू मधोमध जुळल्या नाहीत तर अख्खं गाव नावं ठेवणार. आणि ही बया उजवीकडे डूल घालून मोकळी! किलिमात डूल कोण विणतं हे त्या डोंगरातल्या शेळ्यांनाही माहीत होतं. जिला लग्न करायचंय ती. तोंडाने सांगायची सोय नसते, म्हणून लोकरीने सांगते.

झेलिहाला तर तोंडाची सोय मुळीच नव्हती. तिथे नवी सून सासूसमोर आवाज काढत नाही. सासू काहीतरी भेट देते, "बोल आता पोरी" म्हणते, तेव्हा कुठे तिचं तोंड उघडतं. बहुतेक सासवा वर्षभरात देऊन टाकतात. नाझिफेने एक मेंढी द्यायची ठरवली होती. आधी म्हणाली, व्याली की देते. मग म्हणाली, लोकर कातरून होऊ दे. तिसऱ्या उन्हाळ्यात वरच्या कुरणावर वेसेल, तिचा एकुलता एक मुलगा, तापाने गेला. मग भेटीचं कोणाच्या ध्यानात राहणार? खरं सांगायचं तर पुढे तिला ते बरंच वाटू लागलं. उलटं न बोलणारी सून कोणाला नको असते?

आता लग्नाला आठ वर्षं झाली होती. झेलिहा झऱ्यावर बायकांत खिदळायची, कोंबड्यांशी तासन्‌तास बोलायची, आणि सासू दिसली की ओठ शिवलेले. "मीठ संपलं का?" याचंही उत्तर मान हलवून. नाझिफेला कधीकधी वाटायचं, भिंतीवर डोकं आपटावं. आपलं नव्हे, तिचं.

तिने सुरी घेतली आणि तिसऱ्यांदा उसवायला बसली. तेवढ्यात शेजारची हुरिये हाक न मारताच आत शिरली.

"अगं नाझिफे, किती उसवशील? गिरणीवाल्या बेकिरची बायको जाऊन दोन वर्षं झाली. माणूस चांगला आहे. जाऊ दे की पोरीला."

"आणि मी काय करू? या मागाशी गप्पा मारू?"

"आत्ता तरी कोणाशी मारतेस?"

नाझिफेने तिला चहासुद्धा विचारला नाही. हुरिये गेल्यावर नाझिफेने उरलेले डूलही उसवून टाकले. सून गेली तर या घरात दुसरं माणूस उरत नव्हतं. आणि भीती वाटली की नाझिफेला फक्त राग यायचा, दुसरं काही यायचंच नाही.

झेलिहा पाणी घेऊन आली. तिने उसवलेली लोकर पाहिली, घागर ठेवली, मागापुढे बसली आणि लाल धागा उचलून पहिला डूल पुन्हा सुरू केला. सासूच्या डोळ्यांदेखत!

"तोंड आहे की नाही तुला?" नाझिफे कडाडली. "जायचंय तर जायचंय म्हण! माझ्या किलिमाचं वाटोळं कशाला करतेस?"

झेलिहाने मान खाली घातली आणि फणीने धागा ठोकला.

नाझिफे तरातरा अंगणात गेली. हाताला लागली ती मेंढी कानाला धरून ओढत तिने थेट मागापाशी आणली. मेंढीने वाटेत लोकरीची टोपली उलथली.

"घे! ही तुझी! आता बोल. एकदाचं बोल, आणि जा त्या गिरणीवाल्याकडे!"

झेलिहाने फणी खाली ठेवली. तोंड उघडलं, पण सासूसमोर आवाज फुटायची सवयच नव्हती. आधी नुसती घरघर निघाली.

"जायचंय," ती म्हणाली. "पण आई, त्याआधी तुमच्यासाठी एक निरोप आहे. वेसेलचा."

मेंढीचा कान नाझिफेच्या हातून सुटला.

"शेवटच्या दिवशी शुद्धीवर होता. वर कुरणावर आम्ही दोघंच होतो. म्हणाला, 'आईला सांग, म्हणावं मेंढी देऊन टाक आणि हिला बोलू दे. मी गेल्यावर माझ्याबद्दल बोलायला तुम्ही दोघीच उरणार.'"

"पाच वर्षं!" नाझिफे किंचाळली. "पाच वर्षं हा निरोप पोटात घेऊन बसलीस? त्या हुरियेच्या तोंडी तरी पाठवायचास!"

"कसा पाठवू? तुम्ही म्हणाला असता, त्याच्या नावावर मेंढी मागतेय."

नाझिफे तिथेच खाली बसली. म्हणाली असती. अगदी हेच, याच शब्दांत म्हणाली असती. समोर मेंढी सांडलेली लोकर तुडवत होती, पण तिला हाकलायला कोणी उठलं नाही.

"आणखी काय म्हणाला तो?" अखेर तिने विचारलं. "सगळं सांग. सावकाश सांग."