मावशींची मूठ

मावशींच्या हातातली कात्री पडली, तेव्हा समोरच्या खुर्चीतल्या बाईचे केस डाव्या बाजूने खांद्यापर्यंत आणि उजव्या बाजूने कमरेपर्यंत होते. बाई भली. आरशात स्वतःकडे बघण्याआधी तिने मावशींकडे बघितलं, त्यांना आपल्या गाडीत घातलं आणि तशाच अर्ध्या अवतारात इस्पितळात बसून राहिली. मेंदूत गुठळी झाली होती. वेळेवर पोचल्या म्हणून मावशींचा जीव वाचला. जीभही शाबूत राहिली. या दुसऱ्या गोष्टीचा आनंद घरात सगळ्यांना सारखाच झाला, असं मात्र म्हणवत नाही.

उजवा हात तेवढा गेला. म्हणजे होता जागेवरच, पण मूठ जी मिटली ती मिटलीच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणणाऱ्याची स्वतःची मूठ कधी अडकली नसावी. मावशींचं पार्लर सुनेने हातात घेतलं, आणि त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून "मागून कमी घे", "कात्री आडवी धर" असं दिवसभर सांगू लागल्या. थोड्याच दिवसांत सुनेने चौकशी करून त्यांना आरोग्य संस्थेत नेलं. सासूच्या काळजीने नेलं, असं ती सांगते.

संस्था विभागीय होती. म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या गावांतली दुखणी तिथे यायची आणि बरीचशी रांगेतच बसून राहायची. दुसऱ्या मजल्यावर मेंदू संशोधनाचा नवा विभाग उघडला होता. त्याचं नाव इतकं लांब होतं, की पाटीवर ते दोन ओळींत बसवूनही शेवटचं अक्षर दाराच्या चौकटीत गेलं होतं. विभागप्रमुख साहेबांनी मावशींना ते नाव सोपं करून सांगितलं.

"आम्ही काय करतो मावशी, तर प्रयोगशाळेतलं संशोधन रुग्णाच्या खाटेपर्यंत आणतो."

"प्रयोगशाळा कुठे आहे?"

"ही काय, शेजारच्या खोलीत."

"मग इतकी वर्षं का लागली?"

साहेब हसले. मोठी माणसं हसतात तसे, म्हणजे उत्तर न देता.

शेजारच्या खोलीत एक संशोधक मुलगी होती आणि काम खरं तर तीच करायची. तिने मावशींच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली, केसांत गार चिकट जेल भरलं आणि मुठीवर एक हातमोजा बसवला. मोज्याच्या पाठीवर दोऱ्या आणि इवल्याशा मोटारी. मावशींनी मनात 'उघड' म्हणायचं, टोपीने ते टिपायचं आणि मोज्याने त्याच क्षणी बोटं ओढून उघडायची. असं पुन्हा पुन्हा केलं की मेंदूला जुना नाही तर नवा रस्ता सापडतो, असं ती म्हणायची.

"मनातलं सगळं कळतं का गं या टोपीला?"

"नाही मावशी, फक्त हाताचं."

"मग ठीक. शेजारी सून बसलीय."

मावशी रोज जाऊ लागल्या. बरेच दिवस टोपीला काही उमगेना. मावशी डोळे मिटून 'उघड, उघड मेल्या' म्हणायच्या आणि मोजा ढिम्म. मग हळूहळू दोघांचं जमलं. एका सकाळी मुलीने मोटारी बंद केल्या आणि म्हणाली, "आता नुसतं म्हणा." करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. मूठ कमळासारखी वगैरे उघडली नाही. गंजलेल्या बिजागरीसारखी कुरकुरत अर्धीच उघडली. मुलीला रडू फुटलं. मावशी म्हणाल्या, "रडतेस काय? तो रुमाल माझ्या हातात दे. धरता येतो का बघू." साहेब धावत आले. येताना फोटोग्राफरला घेऊन आले.

तिथून मावशींची खरी नोकरी सुरू झाली. संस्थेत पाहुणे आले की त्यांना बोलावणं यायचं. टेबलावरचा पेला उचलायचा, पाणी प्यायचं, पेला ठेवून बोटं मोकळी करायची. मग टाळ्या. पण हात सुधारत गेला तशी साहेबांची पंचाईत झाली. धडधाकट बाई पाणी प्यायली, यात बघण्यासारखं काय?

"मावशी," एकदा ते हळूच म्हणाले, "पाहुण्यांना फरक दिसायला हवा. आधी जरा पूर्वीसारखं करून दाखवाल? मूठ उघडत नाही, असं. आणि मग नंतरचं."

मावशींना नाटकाची हौस. त्यांनी मूठ आवळली, खांदा पाडला, वर तोंडही वाकडं केलं.

"तोंड कशाला? तोंडाला तुमच्या काही झालंच नव्हतं!"

"असू द्या हो. हातावर फुकट."

संशोधक मुलीला हे पटायचं नाही. पण तिची नेमणूक साहेबांच्या सहीवर होती, त्यामुळे ती खिडकीबाहेर बघत राहायची.

पुढे या प्रयोगावरचा शोधनिबंध छापून आला. प्रयोग यशस्वी ठरला, म्हणून बंद झाला. फसला असता तर आणखी दोन वर्षं चालला असता. हातमोजा टोपीसकट व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटात गेला. खाली माहिती, वर दिवा. मुलीला दुसऱ्या कामावर बसवलं आणि मावशींना आभार मानून घरी पाठवलं.

सराव तुटला. घरी काही कमी केलं नाही कुणी. सुनेने रबरी चेंडू आणला. यजमान घड्याळं दुरुस्त करणारे, हात हलका. ते रोज बोटं ओढून द्यायचे. पण मावशींनी मनात 'उघड' म्हणावं आणि त्यांनी नेमकं तेव्हाच ओढावं, हे जमायचं कसं? एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोच्या मनातलं त्यांना एकदाही वेळेवर कळलं नव्हतं.

बोटं पुन्हा आखडू लागली. मावशी साहेबांकडे गेल्या.

"पुढचा टप्पा वरून मंजूर व्हायला हवा," साहेब म्हणाले.

"मोजा तर खालीच आहे की. कपाटात."

"ते प्रदर्शन आहे, मावशी."

त्या दिवशी घरी आल्यावर मावशी कुणाला काही बोलल्या नाहीत. यजमान घाबरलेच. जेवताना डाव्या हाताने घास घेत त्या एवढंच म्हणाल्या, "एकदा गुठळीने नेला. आता कपाटाने."

काही महिन्यांनी फार मोठे पाहुणे आले. साहेबांनी मावशींसाठी गाडी पाठवली. सभागृह भरलेलं होतं. मावशींनी हात पेल्याकडे नेला. बोटं उघडेनात. कपाळावर घाम आला. पुढच्या रांगेत एकाने डोळे पुसले. पेला कलंडला आणि पाणी साहेबांच्या भाषणावर सांडलं.

"पाहिलंत? ही उपचाराआधीची स्थिती," साहेब अभिमानाने म्हणाले. टाळ्या पडल्या. मग ते वाकून पुटपुटले, "झकास! आता नंतरचं करा."

"साहेब," मावशी म्हणाल्या, आणि पुटपुटायची त्यांना सवय नव्हती, "हेच नंतरचं आहे."

पाहुण्यांतल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "मग तो मोजा कुठे आहे?"

"बाहेर काचेत. मघाशी तुम्ही त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढलात की."

किल्ली भांडारपालाकडे आणि भांडारपाल रजेवर, असं साहेब सांगत होते तेवढ्यात संशोधक मुलगी उठली. व्हरांड्यात जाऊन तिने काच सरकवली. ती सरकली. कुलूप नुसतं अडकवलेलं होतं; इतक्या दिवसांत कुणी हात लावूनच बघितला नव्हता. मोजा आणि टोपी आणून तिने सगळ्यांदेखत मावशींच्या मांडीवर ठेवली.

साहेबांनी माइक जवळ ओढला. "घरगुती वापराचा टप्पा," ते म्हणाले, "आम्ही आजपासून सुरू करत आहोत." पुन्हा टाळ्या.

कात्री काही मावशींच्या हातात परत आली नाही. तेवढं बारीक काम बोटांना जमेना, आणि यावर त्यांनी एक दिवस दार लावून काय रडायचं ते रडून घेतलं. मग गिऱ्हाइकांची डोकी धुण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. त्याच प्रयोगातले आणखी दोघेतिघे आता मोजा घालायला पार्लरमध्ये येतात. "हे पार्लर आहे की दवाखाना?" असं सून म्हणते, आणि त्यांच्यासाठी खुर्ची रिकामी करते. साहेब 'घर हीच प्रयोगशाळा' या विषयावर गावोगाव बोलत फिरतात. घर त्यांनी अजून बघितलेलं नाही.

मुलगी सुट्टीच्या दिवशी येते, तारा तपासते, आणि काम झालं की मावशी तिलाच बेसिनपुढे बसवून तिचं डोकं धुतात, उजव्या हाताची बोटं होतील तेवढी पसरून. पाणी कोमट असतं. मुलगी बसल्या बसल्या झोपते.

"ड्रायर बंद कर," मावशी सुनेला दटावतात, "झोपू दे पोरीला. साहेबांची भाषणं तिलाच लिहावी लागतात."