सोनूकाकींचा धवला

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही – नवऱ्यापुढेही नाही. तुम्हाला सांगते.

माझा स्वभाव आखणीचा. लग्न असो की लोणचं, आधी कागदावर. नणंदेच्या लग्नात वसंतभावजींनी मुंबईच्या मित्राचा सिनेकॅमेरा आमच्या गावी, कडावला आणला. रीळ एकच – जेमतेम तीन मिनिटांचं, आणि मुकं. काय टिपायचं ते मी ठरवलं. आदल्या दिवशी बोटांची चौकट डोळ्यांपुढे धरून मांडवभर फिरले. हळद तुळशीकडून, खालापूरहून येणारी नवरदेवाची जीप बांधावरून, पाठवणी ओट्यावरून. सासूबाई म्हणाल्या, "ही लगीन लावतेय का पिक्चर काढतेय?" खरं सांगू? मला फार मजा येत होती.

सोनूकाकी त्या आखणीत नव्हत्या. त्या आमच्या धवलारीण – लग्नातला एकेक विधी त्यांच्या धवल्यांवर, म्हणजे लग्नगीतांवर चालायचा. पण मुक्या रिळावर गाणारं माणूस कशाला? असा माझा हिशोब. तो चुकला म्हणाल? चूक ती नव्हेच.

हळद लागली आणि काकी आपणहून कॅमेऱ्यापुढे येऊन बसल्या. पदर सारखा केला. "माजा पन काढ गं. लेकीला दावीन, तिला यायला जमलं नाय."

नाही म्हणायचं होतं – सरळ. पण धवलारणीला भर मांडवात नाही कोण म्हणणार? मी भावजींना डोळ्यांनी खुणावलं – बटण दाबू नका. मधे मधे येणाऱ्या पोरांसाठी आम्ही ठरवलेली युक्ती. काकींनी अख्खा धवला म्हटला, कॅमेऱ्याकडे बघत. मी मान डोलावत उभी.

पुढे ओट्यावर चादर बांधून सगळ्यांना रीळ दाखवलं. काकी लेकीला घेऊन आल्या. जीप आली, पाठवणी झाली, शेवटी रिकामा मांडव – रीळ उरलं होतं, म्हणून टिपलेला.

"मी कवा आले गं? माजंच ध्यान नसंल. परत लाव रं वसंता."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तरी सांगायचं की नाही? मी म्हटलं, "लावा." काकी चादरीजवळ सरकल्या, लेकीचा हात धरून. "आता बग, यीन मी."

रीळ संपल्यावर मी म्हटलं, "फिल्म धुताना तेवढी खराब झाली, काकी."

"जाऊ दे गं," त्या म्हणाल्या, "बाकीचा झ्याक काढलास."

ते कौतुक मी घेतलं. आणि ते रीळ मला अजूनही आवडतं.