दार नसलेलं कोर्ट

उभ्या वर्धा जिल्ह्यात मेलेल्या माणसांची वकिली करणारा एकच माणूस होता, आणि तो वकीलही नव्हता. आमचे बेलिफकाका. कोर्टाच्या नोटिसा वाटून निवृत्त झाले, पण सवय काही सुटली नाही. पोरीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनी ‘मिळाली’ अशी सही घेऊन दिली! घराला कुलूप दिसलं, तिथं दोन पंचांसमक्ष दारावर डकवून आले.

हिंगणघाटला कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान. रोज अकराला काका हजर. “भाऊ, एक अर्ज टाईप करून देजो.” कुणाला? तर आशियाच्या मानवाधिकार न्यायालयाला! अहो, असं न्यायालयच नाही, हे मी शंभरदा सांगितलं.

“मले मालूम आहे ना,” ते म्हणायचे. “आफ्रिकेले आहे, दक्षिण अमेरिकेकडं आहे, युरोपले त आहेच. आपल्यालेच काऊन नाई? होईन तवा अर्ज तयार पाह्यजे.”

हे वेड आलं कुठून, तेही सांगतो. अल्लीपूरजवळच्या त्यांच्या वस्तीची पिढ्यान्‌पिढ्यांची दफनभूमी होती, पण कागद नव्हता. इंग्रजांच्या काळापासूनचा रिवाज असा, की कागद नाही ती जमीन सरकारची. वस्ती दावा हरली, जागा गोदामासाठी गेली, आणि नोटीस बजावायला गेलं कोण? हेच! घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून नियमाप्रमाणं त्यांनी ती तिथल्या कडुनिंबाला डकवली. त्याच निंबाजवळ त्यांची आई पुरलेली.

“माह्या मायलेच नोटीस देल्ली भाऊ मी,” एवढंच एकदा बोलले.

पुढं कुठंतरी त्यांनी वाचलं, की त्या लांबच्या न्यायालयांनी कागद नसलेल्या जंगलातल्या लोकांची जमीन त्यांचीच मानली, म्हाताऱ्यांचा शब्द पुरावा धरला. झालं! “जगाचा कायदा म्हन्तेत तो गोऱ्यायच्या घरचा कायदा होय. ह्या कोर्टायनं त्याले म्हाताऱ्यायचं आयकाले लावलं.” मग वही घेऊन वस्तीभर फिरले. कोण कुठं पुरलंय, निंबापासून किती पावलं, खाली अंगठा आणि दोन पंचांच्या सह्या.

एकदा मी चिडलोच. “काका, जज नाही, पत्ता नाही, अर्ज बजावणार कुठं?”

त्यांनी वही मिटली. “दारच नाई त डकवू कुठी, हेच त समजून नाई राह्यलं.”

मग गोदामासाठी खोदाईचं मशीन आलं आणि निंब गेला. जबाब देणाऱ्या म्हाताऱ्याही एकेक करून गेल्या. दिवाळीनंतर काका शेवटचा जबाब लिहायला आले, स्वतःचा. “माय, निंबापासून सात पावलं, उगवतीकडं.”

“निंबच राहिला नाही, काका.”

“म्हूनच त लिव्ह म्हणून राह्यलो.”

मी पंच म्हणून सही केली. दुसरा पंच उद्या आणतो म्हणाले, ते पुन्हा आलेच नाहीत. आईशेजारी जागा हवी होती त्यांना. शेवटी घाटावर जाळलं. फार वाईट वाटलं मला.

वही माझ्या दुकानात आहे. अकरा वाजले की अजून दाराकडं नजर जाते. ते न्यायालय निघालं तर जबाब द्यायला मी जाईन, सात पावलं मला पाठ आहेत. फक्त लवकर निघावं, मीही आता सत्तरीला आलो.