शेषेरावांचा फोकस

शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर येतोय असं वाटून तुम्ही खाली उतरलात आणि शेजारून एक सायकल गुरगुरत निघून गेली, तर ते आमचे शेषेराव समजायचे. मागच्या हिवाळ्यात अर्धं गाव असं रस्त्यावरून खाली उतरलंय. मी स्वतः चांगली इस्त्रीची पँट घालून बाभळीच्या काट्यात उतरलोय, त्यामुळे हे सगळं मी रागानंच सांगतोय असं समजा.

शेषेराव माझे शेजारी. साठी ओलांडलेली, डोक्यावर टोपी आणि टोपीखाली एकदा शिरलेलं खूळ बाहेर न सोडणारं डोकं. मला शेत नाही, म्हणून येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, मी दरवर्षी हक्कानं त्यांच्याच शेतात जेवतो. त्यांची थट्टा करायचा हक्कही त्यातच आला.

त्यांच्या जुन्या सायकलीला शरणप्पानं बॅटरीवरची मोटर बसवून दिली होती. शरणप्पाचं बस स्टँडजवळ जळालेल्या मोटरी भरायचं दुकान आहे. पेडल न मारता सायकल पळायला लागल्यावर शेषेराव रुबाबात आले. मागच्या कॅरिअरवर गोधडीची घडी टाकून तारामती वहिनींना रोज शेतात नेऊ-आणू लागले. वहिनी एका बाजूला पाय सोडून अशा बसायच्या की बघणाऱ्याला बरं वाटायचं.

हे सुख सोयाबीन काढणीपर्यंत टिकलं. एका दिवेलागणीला शेतातून येताना शेषेरावांनी सायकल सरळ रस्त्याकडेच्या चारीत घातली. वहिनी डोक्यावरच्या गवताच्या भाऱ्यासकट चिखलात. लागलं फारसं नाही, मनगट तेवढं मुरगळलं. पण उठल्या-उठल्या त्यांनी सांगून टाकलं, की यापुढं मी तुमच्या मागं बसायची नाही. आणि त्या खरंच पायी जायला लागल्या. शेषेराव सायकल हळू करून त्यांच्या शेजारून चालवायचे आणि वहिनी चालण्यात त्यांच्या पुढं निघून जायच्या. सगळा गाव हे बघायचा. शेषेरावांना ते फार लागलं. बायकोला येळवशीला पुन्हा मागं बसवून शेतात नेणार, असं ते मला म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा चढलेला नव्हता.

दोष कुणाचा? त्यांच्या मते लाईटीचा. मोटरीबरोबर आलेली लाईट काजव्याएवढी होती, हे खरंच. त्यांनी ट्रॅक्टरला लावतात तसला मोठा फोकस आणला आणि शरणप्पाला न विचारता मोटरीच्या बॅटरीलाच जोडला. फोकस बारा व्होल्टचा आणि बॅटरी छत्तीसची. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच लख्ख उजेड पडला, मग धूर, मग वास. पण तेवढ्या एका क्षणात आपल्याला लांबचा लिंब दिसला, हे ते आठवडाभर सांगत फिरले.

मग शरणप्पानं समजावलं, की दुसरा फोकस लावू, पण त्याला बारा व्होल्टची वेगळी बॅटरी द्या. अशी बॅटरी घरात एकच होती, फवारणीच्या पंपातली. शेषेरावांनी ती काढली. तुरीवर अळी पडली तेव्हा वहिनींनी पंप पाठीवर घेतला, बटण दाबलं आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांच्या घरातलं बोलणं मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण फोकस पेटला. रस्त्यावरचे ट्रकवाले दुरूनच त्यांना डिप्पर मारायला लागले. उजेड खाली कर बाबा, अशी ती विनवणी होती. शेषेराव हात वर करून प्रत्येकाला नमस्कार करायचे. या रोडचे सगळे ड्रायव्हर आपल्याला ओळखतात, असं त्यांनी मला अभिमानानं सांगितलं.

या सगळ्यात एक गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नाही. ती बॅटरी वजनदार, तिला जागा हवी. शरणप्पानं तिच्यासाठी पत्र्याचा डबा केला आणि तो नटबोल्टनं पक्का बसवला कॅरिअरवर. वहिनींच्या जागेवर. खाली गोधडीची घडी तशीच.

येळवशीच्या सकाळी वहिनींनी तो डबा बघितला, भज्जीचं, म्हणजे सणाच्या मिसळभाजीचं, पातेलं कमरेवर घेतलं आणि चालायला लागल्या. शेषेरावांचं तोंड उतरलं. आंबिलीचं मडकं मग मी धरलं.

शेतात कडब्याच्या कोपीपुढं पूजा झाली. बाजरीचे उंडे, भज्जी आणि आंबील अशी चापली की मला बांधावरच आडवं व्हावं लागलं. अंधार पडू लागला तसा वहिनींनी हेंडगा पेटवला. कडब्याची पेटती पेंढी घेऊन पिकाभोवती फिरायची आमच्याकडं रीत आहे. अमावस्येचा काळोख, आणि गव्हाच्या कडेनं वहिनी तो जाळ घेऊन आमच्याकडं येत होत्या. शेषेराव सायकल बाहेर काढत होते. त्यांनी समोर बघितलं, फोकस लावला, हॉर्न दाबला आणि ओरडले,

"अरे ए, डिप्पर मार की! डोळे फोडतो का?"

आजूबाजूच्या शेतांतली माणसंही खदाखदा हसली. मी सर्वांत मोठ्यानं. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या जवळ आल्या, फोकस बंद केला आणि हेंडगा शेषेरावांसमोर धरला.

"किती जाळ दिसायलेत?"

शेषेरावांनी डोळे बारीक केले. "तीन हायेत न्हाई का?"

माझं हसू तिथंच आटलं. वहिनींनी सायकलीचं हँडल आपल्या हातात घेतलं आणि त्यांना कॅरिअर धरायला सांगितलं. तसेच ते दोघं घरापर्यंत चालत आले. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, की लाईट सायकलीची कमी नव्हती.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. महिन्याभराच्या अंतरानं लातूरला दोन्ही ऑपरेशनं झाली. बॅटरी पुन्हा पंपात गेली, फोकस शरणप्पाच्या दुकानात लटकतोय, आणि सायकलीला आता तोच पहिला काजवा आहे.

दुसरी पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या अंगणात होतो. शेषेरावांनी सायकल काढली, गोधडीची घडी नीट केली आणि वळून वहिनींकडं बघितलं. बघतच राहिले. वहिनी लाजून पदर डोक्यावर ओढायला लागल्या, तर त्यांनी हात धरला.

"तारा, तुझे केस कधी पिकले गं?"

"तुम्ही लाईट बसवायले व्हते तवा," वहिनी म्हणाल्या आणि मागं बसल्या.