डाव्या चाकावरचं पाणी

आमची गाडी पहिल्यांदा पाहणारे लोक हसतात. पुढून मोटरसायकल, मागून हातगाडी. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा पाय लहानपणापासून बारीक आहे, त्यामुळे दोन चाकांवर तोल धरणं त्यांना जमत नाही. म्हणून त्यांनी सांगलीच्या एका गॅरेजात मागचं चाक काढून तिथं आडव्या दांड्यावर दोन चाकं आणि वर लोखंडी पेटी बसवून घेतली. त्या पेटीत दुधाचे कॅन असतात. आमच्या गावातून उतार उतरायचा, खालच्या वस्तीवरचं दूध घ्यायचं आणि उंब्रजच्या डेअरीत घालायचं, हे आप्पांचं काम. कॉलेजला जाताना मी उंब्रजपर्यंत त्यांच्याबरोबर असते. तिथून कराडची एसटी मिळते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

या गाडीची एक खोड आहे. इंजिनाची साखळी फक्त डाव्या चाकाला जोडलेली आहे. गाडी ओढतं ते डावं चाक, उजवं नुसतं बरोबर येतं. त्यामुळे डाव्या टायरची नक्षी आधी जाते. आप्पा दोन्ही टायर आलटून पालटून घालतात, नवंही घालून पाहिलं, पण पावसाळा येईपर्यंत डावीकडे गुळगुळीतच झालेलं असतं. उन्हाळ्यात त्याचं काही वाटत नाही. पावसात मात्र परत येताना वस्तीच्या पुढच्या चढावर ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर शेतातला राडा येऊन पडतो आणि रिकामी गाडी तिथं चढत नाही. चाक जागच्या जागी फिरतं, गाडी मागं सरकते.

यावर आप्पांनी स्वतःच तोड काढली होती. डेअरीत दूध ओतून कॅन विसळले की दोन कॅन नळाखाली पाण्यानं भरायचे आणि पेटीत डावीकडे ठेवायचे. वजन आलं की चाक रस्ता धरतं. दगड ठेवले असते तर ते दुधाबरोबर जातानाही वाहावे लागले असते. पाणी घरी येऊन म्हशीपुढं ओतता येतं.

डेअरीतले लोक चेष्टा करायचे. "काय गड्या, उद्याच्या दुधाची तयारी व्हय?"

"व्हय, तुमच्या च्यासाठी येगळं काढून ठेवलंय," आप्पा म्हणायचे. सगळे हसायचे. मीही हसायचे.

गेल्या पावसाळ्यात वस्तीवरच्या एक आजी बाजाराला उंब्रजला आल्या होत्या. त्यांचं घराणं पूर्वी मेंढरांमागं फिरणारं, आता थोडी शेती आणि म्हशी. त्यांनी आप्पांना नळावर कॅन भरताना पाहिलं. त्याच सुमारास वस्तीच्या दुधाची फॅट उतरली होती. कोवळा हिरवा चारा खाल्ला की ती उतरतेच, पण पैसे कमी आल्यावर माणसाला चारा आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी म्हणाल्या, "वासराला कमी पडतंय. आज दूध न्हाई." शेजारच्या घरात पाहुणे आले होते म्हणे. तिसऱ्या घरानं बादली उपडी घालून ठेवली होती, बाहेर कोणी आलंच नाही. आप्पा प्रत्येक दारात फक्त "बरं" म्हणाले.

रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, "आप्पा, त्यांना सांगा की."

"काय सांगू? कॅनात पाणी भरतो, पण दुधात घालत न्हाई? ऐकायला तरी कसं वाटतंय बघ."

वजन वाढलं की घर्षण वाढतं, हे मला वहीत मांडता येत होतं. वस्तीवर जाऊन ते कुठल्या शब्दांत सांगायचं, ते येत नव्हतं.

त्या दिवसापासून आप्पा कॅन पेटीत उपडे ठेवून परत येऊ लागले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत असे. बाकीची वस्तीही सुटली असती तर आमच्याकडे गावातलं थोडं दूध उरलं असतं, तेवढ्यासाठी उंब्रजची फेरी परवडत नाही. पण दूध जाण्यापेक्षा आपल्याबद्दल लोकांच्या मनात काय आलं, ते त्यांना जास्त लागलं असावं.

मग एक दिवस गाडी चढावरून मागं घसरत चरीत गेली. मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं ओढून काढली. घरी आल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "जरा सरकली." आईनं त्यांच्या सदऱ्याचा चिखल धुतला. बारीक पायाचा गुडघा सुजला होता.

दुसऱ्या दिवशीही पाऊस होता. उंब्रजला एसटी लागली, पण मी चढले नाही.

"गाडी चाललीय की तुझी," आप्पा म्हणाले.

"आज उशिरा जाते. डावीकडं बसते."

"कालेज बुडवून वजन व्हायचं व्हय?"

"आजच्या दिवस."

त्यांनी पेटीच्या डाव्या कोपऱ्यात पोतं घडी करून टाकलं. मी उपड्या कॅनांच्या शेजारी बसले.

वस्तीवर आजी डोक्यावर घोंगडं घेऊन रस्त्याकडेला उभ्या होत्या. आप्पांनी गाडी हळू केली.

"आज कालेज न्हाई व्हय गं?" आजींनी विचारलं.

"आहे, आजी."

"मग पावसात हितं काय करतीस?"

"रिकामी गाडी चढावर घसरते. वजन लागतं. आप्पा त्यासाठी कॅनात पाणी आणायचे." "आता आणत नाहीत. काल चरीत गेले."

आजींनी वाकून डाव्या टायरवर तळवा फिरवला, मग पलीकडे जाऊन उजव्यावर.

"डावं लयच झिजलंय."

"त्येच वडतंय, आत्ती," आप्पा म्हणाले.

"मग पाणी आणून माझ्या दोणीत वत की. म्हशी पित्याल."

"चढ म्होरं हाय."

त्यांनी चढाकडं बघितलं. "व्हय की. मग ने घरला." मग माझ्याकडं वळल्या. "आन् तू उद्या कालेजला जा."

दुसऱ्या सकाळी त्यांनी दुधाची बादली रस्त्यापर्यंत आणून दिली. शेजारचं घर काही दिवसांनी परत आलं. तिसरं आलं नाही. त्यांचं दूध आता दुसऱ्याच्या गाडीतून जातं, आणि आप्पांनी त्यांना कधी विचारलं नाही.

आप्पा पुन्हा पाणी आणतात, पण वस्तीवरून येताना कॅनांची झाकणं काढून ठेवतात. खड्ड्यांतून पाणी उसळतं, चढाला येईपर्यंत बरंच सांडलेलं असतं आणि वळणावर चाक थोडं फिरतंच. झाकणं लावा, असं मी सांगून पाहिलं.

"असू दे उघडं," ते म्हणाले. "बघणाऱ्याला बघता येतंय."

पाऊस असला की कराडच्या एसटीत बसल्यावर माझं लक्ष पुस्तकात लागत नाही. गाडी आता चढावर आली असेल, असं वाटत राहतं.