जयवंतीकाकींची सोळा आवर्तनं

निर्मळ गावच्या जयवंतीकाकी चोपन्नाव्या वर्षी कथकच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसल्या होत्या. दोनदा नापास झाल्यावर नणंद कमळी म्हणाली होती, "वहिनी, वाडीतल्या केळीसुद्धा हसतात गो तुला!" काकींनी रागाच्या भरात कबूल करून टाकलं, यंदा जमलं नाही तर घुंगरू कायमचे सोडीन.

विरारच्या हॉलमध्ये परीक्षकांनी फर्मावलं, "तालाची सोळा आवर्तनं पायांनी वाजवा. सोळावं संपलं की बरोब्बर थांबायचं."

पाय सुरू झाले. नवव्या आवर्तनाला वीज गेली आणि तबल्याचं मशीन मुकं झालं. काकींची मोजणी सुटली. आता दहावं की अकरावं? त्यांना शिकवणारी, लेकीच्या वयाची रचनाताई कोपऱ्यात नखं खाऊ लागली. परीक्षकांनी हातानंच खुणावलं, चालू द्या.

डोकं म्हणत होतं थांब, पण पाय ऐकेनात. सहा वर्षं रोज दुपारी, सगळं घर घोरत असताना, पडवीत घासलेले पाय ते. पाहुणे आले, ताप आला, तरी त्यांना सुट्टी मिळाली नव्हती.

एकदम काकींनी टाच आपटली आणि थांबल्या.

परीक्षकांनी स्वतःची बोटं पुन्हा मोजली. "सोळाच! मोजलंत कसं?"

"मोजलं कुठं, सर? रोज सोळा झाली की मी चहा घेते. आता चहाची तल्लफ आली, म्हणून थांबले."

परीक्षकांनी कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं, पण त्याआधी चहा मागवला.